पाखरांची मते

बाक लहान मुलांच्या मापाचे होते. मोठ्या माणसाने त्यावर बसायचे म्हणजे गुडघे एक तर छातीशी घ्यायचे, नाही तर वाटेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत सोडून द्यायचे. बारकीने सकाळीच पहिला मार्ग पत्करला होता. आता ऊन खिडकीच्या गजांतून उतरून फळ्याच्या खालच्या कडेला टेकले होते आणि आपले शरीर ही कुणीतरी घडी घालून ठेवून दिलेली वस्तू आहे, असे तिला वाटू लागले होते.

घरातली सर्वांत धाकटी म्हणून ती बारकी. शिक्षण झाले, पदवी पदरात पडली, तरी नाव तेच राहिले. आज मात्र तिच्या छातीवर एक बिल्ला होता. त्यावर ‘मतदान प्रतिनिधी’ असे छापले होते आणि खाली काकांच्या पक्षाचे चिन्ह. काम सोपे होते. मतदार दारातून आत येई, चिठ्ठी दाखवी, कारकून यादीतले नाव मोठ्याने वाची आणि बाकावर बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींनी त्या नावाचा चेहरा ओळखून मान हलवायची. हरकत नसली की बोटाला शाई, हातात मतपत्रिका आणि कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक शिक्का. यादीत फोटो होते, पण ते इतके काळे छापले गेले होते की जणू प्रत्येक नावाशेजारी कुणी शाईचा अंगठा टेकवला असावा. त्यामुळे ओळख पटवायची ती माणसानेच.

“पाय गेले का गं कामातून?” शेजारच्या बाकावरून शिंप्याने विचारले. तो विरोधी पक्षाचा प्रतिनिधी. तिच्याच गल्लीतला, आणि तिच्या शाळेच्या गणवेशापासून पदवीच्या झग्यापर्यंत सगळ्याची मापे घेतलेला म्हातारा.

“शिंपीकाका, तुम्ही कसे हो असे आरामात बसता?”

“जन्मभर मांडी घालून बसलोय. मला बाक काय नि जमीन काय. तुमची पिढी खुर्चीवर वाढलेली. खुर्ची मिळाली नाही की गुडघे कुरकुरतात.”

खुर्ची हा शब्द बारकीला टोचला. तिला आज इथे बसवले होते ते एका खुर्चीसाठीच. वडील गेल्यापासून ती आणि आई काकांच्या घरातल्या वरच्या खोलीत राहत. काकांनी उपकार कधी बोलून दाखवला नव्हता, आणि म्हणूनच तो फेडायचा कसा, हे मायलेकींना कधी कळले नव्हते. बारकी नोकरी शोधून थकली होती. अर्ज पाठवायचा, वाट पाहायची, मग वाट पाहणे हेच काम असल्यासारखे सकाळी उठायचे. अशात काका म्हणाले होते, “निकाल लागू दे. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तुझी खुर्ची पक्की. साधी नाही हं, गरगर फिरणारी. फक्त एक दिवस आमच्यासाठी बाकावर बस.”

आईने त्या रात्री काकांच्या ताटात वाढताना हात जरा सैल सोडला होता. एवढेच. पण त्या हाताकडे पाहिल्यावर बारकीला नाही म्हणण्याची जागाच उरली नव्हती.

*

तिलाच का बसवले, हे तिला उशिरा कळले.

निवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात जेवताना काकांनी सहज विषय काढला होता. “बारके, तुमच्या वर्गातली सगळी गेली तरी कुठं? गल्ली कशी ओकीओकी वाटते.” त्या घरात तिला कुणी काही विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतल्याचे तिला आठवत नव्हते. ती भरभरून बोलली. कोण समुद्रापलीकडे गेले, कोण राजधानीत लागले, कुणी लग्न करून सासरी गेले, कोण नुसतेच निघून गेले आणि कुठे आहे ते आईबापांनाही ठाऊक नाही. काका मान डोलावत होते. “आणि ती तुझी शिडी?” त्यांनी विचारले. बारकीने आपल्या त्या उंच मैत्रिणीचेही सांगितले: बर्फाच्या एका शहरात, एका मोठ्या गोदामात मालाची नोंद ठेवण्याच्या कामावर, दोन वर्षे तरी यायची नाही. तिच्या त्या बोलण्यावरूनच काकांची यादी तयार झाली, आणि वर्गातले चेहरे ओळखणारी म्हणून बाकावरही तिलाच बसवले गेले.

घर सोडून गेलेल्या, पण यादीतून न गेलेल्या अशा तरुण मतदारांना काकांची माणसे पाखरे म्हणत. घरटे आहे, पाखरू नाही. मतदानाच्या आधी दोन्ही पक्षांची माणसे एकत्र बसत, चहा पीत आणि पाखरे वाटून घेत. ऐन दिवशी तंटा नको म्हणून. मग ज्याच्या वाट्याला जे पाखरू, त्याने त्या नावाने आपला माणूस पाठवायचा. काकांच्या माणसाच्या चिठ्ठीचा उजवा कोपरा दुमडलेला असे, शिंप्याच्या पक्षाच्या माणसाच्या चिठ्ठीचा डावा. कोपरा दिसला की समोरच्याने हरकत घ्यायची नाही, एवढाच रिवाज. तो इतकी वर्षे न मोडता चालत आला होता की त्याला प्रामाणिकपणा म्हणण्यापर्यंत माणसांची मजल गेली होती.

“पण ही चोरी आहे, काका,” हे कळल्यावर ती म्हणाली होती.

काकांना राग आला नाही. राग आला असता तर बरे झाले असते. “टाकून दिलेलं उचललं तर चोरी होते का गं? मी कुणाच्या हातातून मत हिसकावलंय? ते रस्त्यावर पडलंय. त्यांना नकोय. तुलाही नको होतं, इतकी वर्षं. मी कधी विचारलं, बारके, मतदानाच्या दिवशी गच्चीवर जाऊन शिडीबरोबर खिदळत का बसतेस?”

ते खरे होते. मतदानाचा अधिकार मिळाला त्या वर्षी दोघी गच्चीवर चढल्या होत्या. खाली ध्वनिक्षेपकावरून एक आवाज उज्ज्वल भविष्याची हमी देत होता आणि शिडी पाण्याच्या टाकीवर उभी राहून त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत होती: बंधू आणि भगिनींनो, मी आपल्याला शब्द देतो की मी आपल्याला शब्द देत राहीन. हसून हसून बारकीच्या पोटात दुखले होते. आपण कुणाच्याच नाही, हे त्या दिवशी किती मोकळे वाटले होते. खालची रांग तिला माणसांची नव्हे, गुरांची वाटली होती. आपण वर आहोत म्हणजे बाहेर आहोत, अशी तिची समजूत होती. गच्चीलाही चारी बाजूंनी कठडा असतो, हे तिला तेव्हा दिसले नव्हते.

मतदानाच्या आदल्या दुपारी तिने शिडीला फोन लावला.

“बोला नेत्या,” शिडी म्हणाली. मागे कुठेतरी यंत्राचा पट्टा घरघरत होता.

“उद्या तुझं मत कुणीतरी टाकणार आहे.”

“अगं बाई! कुणाला?”

“काकांच्या माणसाला.”

“मग त्यात बातमी काय? मला वाटलं, काही नवीन सांगतेस.”

“तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. दाढ ठणकतेय, तिचं वाटतं. इथं चार वाजता अंधार पडतो, त्याचं वाटतं. मताचं काय वाटायचं? कपाटात पडलेला जुना स्वेटर आहे तो. कुणाला थंडी वाजत असेल तर घालू दे.”

“स्वेटरवर तुझं नाव नसतं, शिडे.”

घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग शिडी म्हणाली, “तू तरी कुठं टाकतेस गं? मग तुझ्यामाझ्यात फरक काय? मी उडून गेले, तू बसल्या जागी उडालीस.” आणि लगेच हसली, नेहमीसारखी, शेवटचा शब्द हसण्यात विरघळवून टाकत. “ठेवते. सुपरवायझर बघतोय.”

*

सकाळपासून काही पाखरे येऊन गेली होती. बारकीने मान हलवली होती. मान हलवायला काहीच लागत नाही. हे तिला फार भयंकर वाटले. पहिल्या वेळी मानेत एक कळ आली होती, दुसऱ्या वेळी नुसती ऊब, आणि नंतर मान आपोआप हलू लागली, वाऱ्याने दार हलावे तशी. वर्गमित्रांची नावे हवेत उच्चारली जात आणि त्या नावांत अनोळखी माणसे शिरून, शाई लावून घेऊन, निघून जात. वर्गात हजेरी चालू आहे आणि गैरहजर मुलांच्या वतीने कुणी भलतेच ‘हजर’ म्हणत आहे. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता. त्याखाली केंद्राध्यक्ष बसले होते: दुसऱ्या भागातून नेमणुकीवर आलेले, कुठल्याशा बँकेत हिशेब पाहणारे, कोरड्या खोकल्याचे गृहस्थ. त्यांना एकच इच्छा होती, दिवस सुरळीत संपावा. ती इच्छा त्यांच्या चष्म्यावर धुळीसारखी बसली होती.

कारकुनाने पुढचे नाव वाचले. ते शिडीचे खरे नाव होते.

बारकीने वर पाहिले. दारात एक बाई उभी होती. चाळिशीला टेकलेली, गोल चेहऱ्याची आणि इतकी बुटकी की कारकुनाच्या टेबलाची कड तिच्या छातीशी येत होती. चिठ्ठीचा उजवा कोपरा दुमडलेला होता. शिडी म्हणजे चौकटीतून आत येताना सवयीने मान वाकवणारी, बसमध्ये दांडी न पकडता छताला हात लावून उभी राहणारी. सगळ्या गल्लीने तिला ते नाव ठेवले होते. रांगेत तीच गल्ली उभी होती.

आधी कुणीतरी खोकल्यासारखे केले. मग मागून आवाज आला, “शिडीच्या पायऱ्या गळल्या वाटतं!”

“परदेशात थंडी फार. आखडली असेल.”

“धुतल्यावर आटतं माणूस कधी कधी.”

रांग हसली. मोठ्याने नव्हे, एखाद्या घरगुती विनोदाला हसावे तशी, सैलपणे, आपुलकीने. सगळ्यांना कळले होते. कुणालाही धक्का बसला नव्हता. हेच ते हसू, बारकीच्या मनात आले. हेच आम्ही गच्चीवर हसत होतो. तेव्हा ते वरून खाली सांडत होते, आज खालून वर येत आहे, पण हसू तेच. ज्याला काही करायचे नसते, त्याच्यासाठी राखून ठेवलेले.

“हरकत आहे,” ती म्हणाली.

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. शिंप्याने तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने भर वर्गात अंगावरचे कापड फाडले.

“काय म्हणालात?” केंद्राध्यक्षांनी चष्मा वर सरकवला.

“या बाई त्या नाहीत. हे नाव माझ्या मैत्रिणीचं आहे. ती इथे नाही, परदेशात आहे.”

“पण तुम्ही तर…” त्यांनी तिच्या बिल्ल्याकडे पाहिले, मग चिठ्ठीच्या कोपऱ्याकडे, आणि मग दोन्हीकडे पाहिले नाही असे केले. “मतदाराला तुम्ही ओळखता?”

“पहिलीपासून.”

“आणखी कुणी ओळखतं का? आजोबा, तुम्ही?”

“मला लांबचं दिसत नाही, साहेब,” शिंपी म्हणाला.

“समोर उभ्या आहेत त्या.”

“तेच तर. जवळचंही आताशा धूसरच.”

रांग पुन्हा हसली. बुटकी बाई घाबरून एकेकाकडे पाहत होती. तिला बहुधा कुणी सांगितले नव्हते की आपण कोण आहोत. केंद्राध्यक्ष पेनाने टेबलावर ठोके देत राहिले. प्रकरण आता हसण्यावारी विरून जाईल, हे बारकीच्या लक्षात आले आणि तिला एकाच वेळी सुटका आणि लाज वाटली. त्या लाजेच्या भरातच ती बोलून गेली:

“तिची आई इथेच आहे. याच शाळेत कामाला आहे. बाहेर व्हरांड्यात पाणी देतेय. तिलाच विचारा ना.”

*

मावशी ओले हात पुसत आत आली. शिडीची आई. तिच्या घरी बारकीचे अर्धे बालपण गेले होते; ताप आला की शिडीच्या शेजारी तिलाही झोपवणारी, दोघींच्या वेण्या एकाच तेलाच्या हाताने घालणारी. तिला पाहताच बारकीला हायसे वाटले. आता तिला एकटीला उभे राहायचे नव्हते.

“बाई, एक सांगा,” केंद्राध्यक्ष म्हणाले, “या तुमच्या कन्या का?”

मावशीने बारकीकडे पाहिले नाही. बुटक्या बाईकडे पाहिले, वरपासून खालपर्यंत. त्याला वेळ फारसा लागला नाही. खोलीत पंखा फिरत होता आणि त्याची सावली तिच्या तोंडावरून पुन्हा पुन्हा जात होती.

“हो. माझीच,” ती म्हणाली.

आणि तेवढ्यावर थांबली नाही. पुढे झाली, त्या बाईच्या कपाळावर आलेली बट कानामागे सारली आणि म्हणाली, “चार माणसांत यायचं तर केस तरी विंचरून यायचं गं.”

बारकीला ती बट सहन झाली नाही. खोटे एकवेळ सहन झाले असते. पण तो हात खरा होता. तोच हात, तीच बोटे, तोच वैताग. शिडीसाठी घडलेली ती माया मावशीने उचलून एका परकीच्या कपाळावर ठेवली होती.

केंद्राध्यक्षांनी बारकीला टेबलाशी बोलावले आणि आवाज खाली आणला. ते वाईट गृहस्थ नव्हते. “हे पाहा, आता आईने ओळख दिलीय. तुम्ही हरकत कायम ठेवलीत, तर मला ते लिहून घ्यावं लागेल आणि दोघींनाही बाहेरच्या पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागेल. तोतयेगिरी आणि खोटी साक्ष. आईसुद्धा, कळतंय ना? पुढे तुमचं खरं ठरलं, तर त्यांची नोकरी राहणार नाही. मागे घेतलीत, तर काही झालंच नाही.” त्यांनी दाराकडे पाहिले. “विचार करून सांगा. पण लवकर. रांग खोळंबलीय.”

मावशी फळ्याजवळ उभी होती. बारकीला वाटले, तिने एकदा पाहावे. विनवावे, रागवावे, काहीही. मावशी फळ्याच्या कडेवरची खडूची पूड बोटाने एका रेषेत सारत होती, रोज सारत असेल तशी.

काही झालंच नाही. किती मऊ वाक्य होते ते. गादीसारखे, त्यावर पडले की बुडतच जावे.

“माझी चूक झाली,” बारकी म्हणाली. “हरकत नाही.”

“मोठ्याने सांगा. नोंद करायचीय.”

“हरकत नाही.”

बुटक्या बाईच्या बोटाला शाई लागली. आडोशामागे जाऊन ती चटकन बाहेर आली. बाकाजवळून जाताना ती क्षणभर थांबली आणि पुटपुटली, “रागावू नका हं ताई. मला नुसतं बसमध्ये बसा म्हणाले, ती बस इथं आली. नावसुद्धा दारात सांगितलं.”

*

दुपारी गर्दी ओसरली. मावशी पाण्याचे पेले घेऊन आली. शिंप्यासमोर एक ठेवला, बारकीसमोर एक.

“मावशी,” बारकी म्हणाली, “का?”

“माझं नाव घ्यायची काय गरज होती गं तुला?” मावशी पेल्याकडे पाहत बोलत होती. “नुसतं नाही म्हणून गप्प बसली असतीस. मला कशाला मधे ओढलंस?”

“मला वाटलं, तुम्ही…”

“तुला वाटलं. मला विचारलंस?”

 बारकीने खरोखरच विचारले नव्हते. वर्षावर्षाच्या कराराने इथे काम करणाऱ्या बाईचा करार कुणाच्या सहीने पुढे सरकतो, हे तिला माहीत होते. काकांच्या टेबलावर तो कागद तिने पाहिलाही होता. पण सत्याच्या बाजूने साक्षीदार हवा होता, आणि तो हाताशी होता. काकांनी पाखरे धरली, तशीच तिने मावशी धरली होती.

“शिडीला यातलं काही कळवू नकोस,” मावशी म्हणाली. “तिला हसू येईल. मला ते ऐकवणार नाही.” पदराला हात पुसून ती गेली.

शिंप्याने आपला पेला जवळ ओढला. मग म्हणाला, “माझा पोरगा पण पाखरूच आहे. तुमच्या वाट्याला गेलाय या खेपेला. आता येईल कुणीतरी त्याच्या नावाने. मी मान हलवीन.” तो पाणी प्यायला. “माप चुकलं की कापड वाया जातं, बाळ. आज तू उगीच कातर लावलीस.”

एवढ्यात काका दाराशी आले. आत यायची त्यांना परवानगी नव्हती. उंबरठ्याबाहेर उभे राहून त्यांनी तिला बोटाने खूण केली. बारकी उठली तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या. घरी काय होईल, खुर्ची गेली, वरची खोलीही गेली, आईला काय सांगायचे, हे सगळे त्या आठ-दहा पावलांत तिने मनाशी मांडून घेतले. त्यात भीती होती, पण भीतीच्या तळाशी एक हलकेपणाही होता. निदान आता काहीतरी तुटेल.

“शाब्बास!” काका हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. “हे तुला सुचलं कसं गं?”

“काय?”

“स्वतःच्याच माणसावर हरकत! आणि मग आईलाच साक्षीला बोलावून सगळं धुऊन काढायचं! अगं, बाहेर सगळे म्हणताहेत, माझी पुतणी फार कडक, आपल्या पक्षालाही सोडत नाही. आता संध्याकाळपर्यंत कुणाची हिंमत नाही संशय घ्यायची. उरलेली पाखरं बिनघोर.” त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली. “तू पाणीपुरवठ्यात वाया जाशील. तुला आता माझ्याच कार्यालयात घेतो.”

“काका, मी ते मुद्दाम नाही केलं. मला खरंच…”

“तेच तर! मुद्दाम केल्यासारखं वाटलंच नाही,” काका म्हणाले आणि निघून गेले.

ती बाकावर येऊन बसली. गुडघे आपोआप छातीशी आले.

पुढचे पाखरू आले ते शिंप्याचा मुलगा म्हणून. वेगळाच तरुण, कानात इअरफोन, चिठ्ठीचा उजवा कोपरा दुमडलेला. शिंप्याने डोळे मिटून मान हलवली. बारकी उभी राहिली.

“हरकत आहे. हा तो नाही.”

या वेळी रांगेत हसूही आले नाही. केंद्राध्यक्षांनी दीर्घ श्वास घेतला. “ताई, मघाशीही तुमची खात्री होती.”

“मघाशीही हेच खरं होतं.”

“मघाशी तुम्ही चूक झाली म्हणालात. नोंद आहे.” त्यांनी शिंप्याकडे वळून विचारले, “आजोबा, हा तुमचाच ना?”

“माझाच,” डोळे न उघडता शिंपी म्हणाला.

“बसा ताई. सकाळपासून बसलाय, दमला असाल.” त्यांनी हे इतक्या सौजन्याने म्हटले की त्यावर आवाज चढवणेही शक्य झाले नाही. तरुणाने इअरफोन न काढताच बोट पुढे केले.

*

उन्हाची पट्टी फळ्यावरून छताकडे सरकली. वेळ संपत आली तेव्हा केंद्राध्यक्षांनी सांगितले की ज्या प्रतिनिधींची नावे याच यादीत आहेत, त्यांनी आपले मतदान उरकून घ्यावे. शिंपी उठला, गेला, आला. मग कारकुनाने बारकीचे खरे नाव वाचले. ते नाव या खोलीत याआधी शाळेच्या हजेरीतच वाचले गेले होते.

“कुणाची हरकत?”

“नाही,” शिंपी म्हणाला. “तीच आहे ही. मी ओळखतो.”

थंड शाई बोटावर पसरली. मतपत्रिकेची घडी आणि लाकडी मुठीचा शिक्का घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. तीन बाजूंनी पुठ्ठा, चौथ्या बाजूला तिची स्वतःची पाठ. दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. पुठ्ठ्यावर आतून कुठल्यातरी साबणाच्या खोक्याची जाहिरात उलटी छापलेली होती.

तिने मतपत्रिका उलगडली. सर्वांत वर काकांच्या पक्षाचे चिन्ह, त्याखाली शिंप्याच्या पक्षाचे. त्याखालीही नावे होती. बरीच होती. ती तिने कधी ऐकली नव्हती. ज्यांच्यासाठी बाकावर कुणी बसले नव्हते, ज्यांच्या वाट्याला एकही पाखरू आले नव्हते, ती ही माणसे. यातले कुणी बरे असेल. कुणी याहून वाईट असेल. ते जाणून घ्यायला सगळी वर्षे पडली होती आणि ती वर्षे ती पाण्याच्या टाकीवर बसून होती. आता तिच्या हातात ओला शिक्का होता आणि डोक्यात केवळ अज्ञान, स्वच्छ, सारवलेल्या अंगणासारखे.

कागद कोरा टाकून बाहेर जाता आले असते. बोटाला शाई होतीच. कुणाला काय कळणार? पण कोरा कागद म्हणजे पुन्हा तेच घरटे. आज नाही तर पुढच्या खेपेला, त्यात कुणीतरी येऊन बसणार.

ती पहिल्या नावापासून वाचू लागली. ओठ हलवत, पहिलीतल्या मुलासारखी, एकेक नाव, त्यापुढचे चिन्ह, मग पुढचे नाव.

“ताई, झालं का?” केंद्राध्यक्षांचा आवाज आला.

ती वाचत राहिली.

“अहो, रांग आहे मागे.”

“झोपली का काय आत?” रांगेतून कुणीतरी म्हणाले.

आणि मग उंबरठ्यावरून काकांचा आवाज, हसरा, थोडासा काळजीचा: “बारके, अगं, वरच आहे की आपलं. एवढं काय बघायचं त्यात?”

“वाचतेय,” ती म्हणाली.

“त्यात वाचण्यासारखं काय आहे?”

“नावं.”

बाहेर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी घड्याळाचा उल्लेख केला, कुणाची तरी खुर्ची सरकली. पुठ्ठ्याच्या भिंती इतक्या पातळ होत्या की त्या सगळ्यांचा श्वास तिच्यापर्यंत पोचत होता. तिने घाई केली नाही. सर्वांत खालच्या नावापर्यंत पोचून ती पुन्हा वर आली, आणि पुन्हा खाली गेली. तोवर शिक्क्यावरची शाई सुकत आली होती. म्हणून एका नावापुढे तो तिला दोन्ही हातांनी दाबावा लागला.